तंबोऱ्यात गंधार ऐकणारे खाँसाहेब

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव निघाले, की जाणकारांना भैरवीतील आणि झिंझोटीतील त्या दोन ठुमऱ्या आठवतात. किराणा घराण्याचे अध्वर्यू, सवाई गंधर्वांचे गुरू, हिराबाई बडोदेकर यांचे वडील अशी त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे. परंतु वाद्याची पारख करणारा, घोडीवर कानस चालविणारा आणि तंबोरा बोलू लागेपर्यंत त्याच्यापुढून न उठणारा कलावंत, ही त्यांची दुसरी ओळख मात्र चरित्रातील एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकली जाते. त्यांच्या गाण्याचे मर्म याच दुसऱ्या ओळखीत अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाद्यांची तुलना हा हौशी मंडळींचा जगभरचा आवडता विषय. नाशिकच्या महाविद्यालयांतून बेस गिटार वाजविणारी मुले एकत्र आली, की कोणत्या गिटारची मान अधिक पातळ, कोणत्या लाकडाची, पिकअप तारांखाली नेमका कोठे बसविला आहे आणि त्यामुळे खर्ज भरीव निघतो की बोथट, यावर तास न् तास खल चालतो. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, तेव्हापासून हा वाद सुरू आहे. आपल्याकडे हीच चर्चा त्याच्या कितीतरी आधी मिरजेत होत असे. शब्द तेवढे वेगळे. तेथे मानेला दांडी म्हणत, आवाजाच्या पेटीला भोपळा आणि तबली म्हणत. पिकअपचा तर प्रश्नच नव्हता. नादाची सगळी किमया घोडीवरच्या जवारीत साठविलेली असे. त्या चर्चेत ज्यांच्या कानाला मान होता, त्यांत अब्दुल करीम खाँ अग्रभागी होते.

११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा मुझफ्फरनगर जिल्ह्यात होते, आज ते शामली जिल्ह्यात आहे. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. घराणे सारंगियांचे. लहानपणी अब्दुल करीम यांचा हातही प्रथम सारंगीवरच बसला. पुढे बीन, सतार, तबला यांचीही त्यांनी ओळख करून घेतली. त्यांच्या गळ्याचे रहस्य शोधू पाहणाऱ्याने ही पार्श्वभूमी विसरू नये. सारंगीला पडदे नसतात. सूर कोठे आहे हे दाखविणारी कोणतीही खूण तीवर नसते. नखाच्या कडेने तार दाबायची आणि कानाच्या भरवशावर जागा शोधायची. केसभर इकडे-तिकडे झाले तर सूर बेसूर होतो. ज्याचा कान असा घडला, त्याला पुढे गाताना स्वराच्या अगदी मधोमध उभे राहण्याची सवय लागली, यात नवल नाही. किराणा घराण्याचा धागा थोर बीनकार बंदे अली खाँ यांच्यापर्यंत नेला जातो. बीनेतील दीर्घ मींड आणि ठेहराव या घराण्याच्या आलापीत उतरला, असे मानले जाते.

विशीत असताना भाऊ अब्दुल हक यांच्यासमवेत ते उत्तरेतून निघाले. १८९० च्या दशकात त्यांना बडोद्याच्या दरबाराचा आश्रय मिळाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या काळातील बडोदे म्हणजे विद्या आणि कला यांचे मोठे केंद्र. येथेच राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांना गाणे शिकविण्याचा योग आला. गुरू-शिष्येचे नाते प्रेमात परिणत झाले. एकीकडे राजघराण्याच्या नात्यातील मराठा सरदारकन्या, दुसरीकडे मुसलमान गवई. त्या काळी या विवाहाला मान्यता मिळणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले. दरबारची नोकरी, प्रतिष्ठा आणि स्थैर्य या सगळ्यांवर पाणी सोडून तरुण अब्दुल करीम मुंबईमार्गे दक्षिण महाराष्ट्रात आले आणि अखेर मिरजेचे झाले.

मिरजेत तेव्हा काय नव्हते? पटवर्धन संस्थानिकांची गुणग्राहकता होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी या भागात रुजविली होती. जवळच कुरुंदवाडला पुढे रहिमत खाँ यांच्यासारखा अलौकिक गळ्याचा गवई राहत होता. त्यांच्या सुरेल, आर्त गायनाचा अब्दुल करीम यांच्यावर खोल ठसा उमटला, असे जाणकार सांगतात. आणि मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा होता. प्लेगच्या त्या भीषण वर्षांत खाँसाहेब आजारी पडले, दर्ग्यात जाऊन त्यांनी गायन-सेवा केली आणि ते बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत आजही श्रद्धेने सांगितली जाते. आख्यायिकेचे सोडा, या दर्ग्याशी त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले, हे मात्र खरे.

याखेरीज मिरजेत आणखी एक गोष्ट होती, जी हिंदुस्थानात इतरत्र क्वचितच होती. ती म्हणजे तंतुवाद्यांचे कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या शिकलगार कारागिराने वाद्यदुरुस्तीस आरंभ केला. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना पाणी देणारे, धार लावणारे. इंग्रजी अंमल स्थिरावला आणि हत्यारांचे काम आटले. लोखंडावर चालणारा हात लाकडाकडे आणि तारांकडे वळला. शिकलगार पुढे ‘सतारमेकर’ झाले आणि हेच त्यांचे आडनाव बनले. पंढरपूर-मंगळवेढे परिसरातील मोठे भोपळे, दांडी व तबलीसाठी तुणीचे लाकूड, घोडीसाठी हाड किंवा सांबरशिंग असा कच्चा माल जमवून ही मंडळी तंबोरे घडवीत.

अशा गावात अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा कानाचा माणूस येऊन राहिला, हा योग दोघांच्याही पथ्यावर पडला. खाँसाहेब वाद्ये स्वतः दुरुस्त करीत. जवारी लावण्यात त्यांचा हातखंडा होता.

जवारी म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील कथा उलगडणार नाही. गिटार किंवा व्हायोलिन यांच्या घोडीची कड अरुंद असते. तार तेथे एका रेषेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि सपाट असते, पण पूर्ण सपाट नव्हे. तिच्या पाठीला अगदी हलका, डोळ्यांना सहसा न दिसणारा उतार दिलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर ओझरती घासत राहते. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकविला जातो. दोरा योग्य जागी आला, की निव्वळ टणत्कार करणारी तार अचानक गुंजू लागते आणि तिच्या नादात इतर सूर उमलू लागतात. हा उतार कानशीने घासून साधावा लागतो. एक हात जास्त बसला तर तार भणभणते, कमी बसला तर ती मुकी राहते. त्यासाठी माप नाही, फूटपट्टी नाही. घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवायची आणि पुन्हा घासायचे. कोणाला खुली जवारी आवडते, कोणाला बंद. कोणाला दोहोंमधली गोल. तंबोऱ्यांची तुलना करणाऱ्या मंडळींचा निम्मा वाद याच मुद्द्यावर असतो.

या नादामागील शास्त्र पुढे एका भारतीयानेच मांडले. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधी तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर असतात ते उमटत नाहीत, असा युरोपीय शास्त्रज्ञांचा नियम होता. तंबोऱ्यात मात्र तेही स्वच्छ ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवून दिले आणि त्याचे श्रेय घोडीच्या विशिष्ट आकाराला दिले. नोबेल पारितोषिक त्यांना अद्याप नऊ वर्षे दूर होते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीचा पाया हा गंधार होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गायकाने स्वर लावायचा तो हवेत नव्हे, तर तंबोऱ्याने आधीच दाखविलेल्या जागेवर. त्यामुळे मैफलीपूर्वी तंबोरे जुळविण्यात जाणारा वेळ हा त्यांच्या लेखी गाण्याचाच भाग होता.

खाँसाहेबांच्या आयुष्यातील एक मोठा वाद याच गंधारातून उद्भवला. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल हे हिंदुस्थानी संगीतातील बावीस श्रुतींचे गणित मांडू पाहत होते. त्यांना असा गवई हवा होता, जो तोच स्वर पुन्हा पुन्हा, तिळभरही न हलता लावू शकेल. अब्दुल करीम खाँ यांच्याहून योग्य माणूस कोण असणार? खाँसाहेब गात, आणि देवल त्या स्वराचे माप घेऊन त्याचे प्रमाण काढीत. १९१० मध्ये देवलांचा श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स हे या कामात त्यांचे सहकारी झाले आणि १९१३ मध्ये त्यांनीही आपले पुस्तक प्रसिद्ध केले. या खटाटोपातून श्रुति-हार्मोनियम नावाची पेटी तयार झाली.

सामान्य वाचकाला हा प्रकार केस चिरण्यासारखा वाटेल. परंतु मुद्दा बारीक असला तरी खरा आहे. षड्जाच्या तारेचे पाच समान भाग करून त्यांपैकी चारच वाजविले, तर शुद्ध गंधार मिळतो. तंबोऱ्यातून उमटतो तो हाच. पाश्चात्त्य पेटीवर मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. त्यामुळे पेटीचा गंधार, एका अर्धस्वराचे शंभर भाग मानल्यास, सुमारे चौदा भागांनी चढा असतो. ज्याचा कान तंबोऱ्यावर पोसला आहे, त्याला हा फरक खटकतो. हिंदुस्थानात घरोघर पेटी शिरत असताना एका गवयाने आणि एका निवृत्त अधिकाऱ्याने या चौदा भागांसाठी वर्षे खर्च केली, ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

श्रुति-हार्मोनियमला मात्र यश आले नाही. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे हा विषय चर्चेला आला आणि त्यावर मोठे मतभेद झाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना देवल-क्लेमेंट्स यांची मांडणी मान्य नव्हती. गाताना स्वर सतत हलतो, रागाप्रमाणे जागा बदलतो; त्याला गणिताच्या खुंटीला बांधता येत नाही, हा आक्षेप वजनदारच होता. आज तटस्थपणे पाहता असे वाटते, की पेटी हरली याचे फारसे दुःख नको. श्रुतींची चौकट सिद्ध झाली नाही, तरी ज्या गळ्यावर ती मोजली गेली, त्याची अचूकता कोणीच नाकारली नाही.

दरम्यान १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले होते. एका मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला असे नाव द्यावे, याचे आज अनेकांना आश्चर्य वाटेल. त्यांना तसे करताना काही वावगे वाटले नसावे. गुरुकुलाप्रमाणे विद्यार्थी तेथेच राहत. विद्यालयाच्या जलशांत टिपू नावाचा एक कुत्राही रंगमंचावर येत असे. खाँसाहेबांनी त्याला सुरात आवाज लावण्यास शिकविले होते. पुणेकरांना हा प्रकार पचला की नाही कोण जाणे, पण त्याच्या आठवणी अनेक वर्षे सांगितल्या गेल्या.

नाशिककरांना येथे दुसऱ्या एका संगीतकाराची आठवण होणे साहजिक आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्मही १८७२ चाच, आणि त्यांचे शिक्षण झाले ते मिरजेतच, बाळकृष्णबुवांकडे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे मुंबईत आणले. संस्थेवर कर्जाचा डोंगर झाला, इमारत गेली आणि पंडितजी नाशिकला आले. येथे त्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापन केला, येथेच त्यांचे पुत्र दत्तात्रेय यांचा १९२१ मध्ये जन्म झाला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पंडितजींचे निधन झाले, तेही मिरजेतच. दोन समवयस्क, दोघांनीही शाळा काढल्या. एकाने संगीत घरोघर पोचविण्यासाठी संस्था उभारली. दुसऱ्याला संस्था फारशी जमली नाही. खाँसाहेबांचा पिंड व्यवस्थापकाचा नव्हता. त्यांचे विद्यालय काही वर्षे चालले, मुंबईतही त्याची शाखा निघाली, परंतु हा पसारा टिकला नाही.

आणि मग घरही मोडले. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन विभक्त झाल्या. ज्या संसारासाठी दोघांनी बडोदे सोडले होते, तो सुमारे दोन तपांनंतर संपला. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, गुलाब कमलाबाई झाल्या, सकीना पुढे सरस्वती राणे या नावाने गाजल्या. कृष्णराव हे आणखी एक पुत्र. चूक कोणाची, याचा निवाडा आज शंभर वर्षांनंतर करण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. या मुलांनी नाव टाकले, गळा मात्र टाकला नाही. हिराबाईंनी पुढे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम घेतली, ते किराण्याचेच. स्त्रियांनी जाहीर मैफलीत प्रतिष्ठेने गाण्याची वाट महाराष्ट्रात हिराबाईंनी रुळविली. वडील आणि मुले एकाच घराण्याचा झेंडा दोन वेगळ्या घरांतून मिरवीत होती. पुढे खाँसाहेबांनी आपल्या शिष्या बाणूबाई लाटकर यांच्याशी विवाह केला.

यानंतरची पंधरा वर्षे मिरज हेच त्यांचे ठाणे राहिले. मात्र फिरती अखंड होती. म्हैसूरच्या दरबारात दसऱ्यानिमित्त त्यांना आमंत्रण असे. तेथे कर्नाटक संगीताशी त्यांचा निकटचा संबंध आला. उत्तरेतला हा गवई दाक्षिणात्यांच्या सरगमकडे कुतूहलाने पाहू लागला, ती आपल्या गाण्यात घेऊ लागला. त्यागराजांची एक कृतीही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. धारवाड-हुबळीच्या टापूत किराणा घराणे रुजले ते याच येण्याजाण्यातून. कुंदगोळचे रामचंद्र, म्हणजेच पुढचे सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. सवाई गंधर्वांकडून ही गायकी गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोचली. बहरेबुवा, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशन आरा बेगम हीही शिष्यपरंपरेतील ठळक नावे.

त्यांचा आवाज कसा होता? भारदस्त मुळीच नव्हता. बारीक, उंच, किंचित अनुनासिक, आणि लांबवर तारेसारखा ताणलेला. १९०५ च्या सुमारास त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. परंतु ज्यांनी त्यांना अजरामर केले, त्या १९३४ ते १९३६ या काळात ओडियन कंपनीने काढल्या. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. ज्या गवयाला षड्ज स्थिर करायलाच तेवढा वेळ लागावा, त्याने या चिमुकल्या अवधीत राग उभा केला. ‘मानापमान’मधील एक नाट्यपदही त्यांनी गायिले आहे, त्यांचे मराठी उच्चार ऐकताना गंमत वाटते, पण सूर लागला की उच्चारांकडे लक्ष राहत नाही. भीमसेन जोशी यांना बालपणी गाण्याचे वेड लागले ते खाँसाहेबांची तबकडी ऐकून, हे सर्वश्रुत आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तेथून ते पाँडेचरीस निघाले. आगगाडीत छातीत कळ आली आणि सिंगापेरुमल कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. सोबतच्या मंडळींनी फलाटावर बिछाना घातला. सांगतात, की त्यांनी तंबोरा मागविला, तो जुळविला आणि दरबारी रागाच्या सुरांत ईशस्मरण केले. त्यातच त्यांचे प्राण गेले. तारीख होती २७ ऑक्टोबर. पासष्टावे वर्ष पूर्ण होण्यास दोन आठवडे उरले होते. त्यांचा देह मिरजेस आणण्यात आला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले.

दर्ग्याच्या उरुसात तेथील चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या स्मरणार्थ गाणे-बजावणे होते आणि दूरदूरचे कलावंत तेथे हजेरी लावतात. गल्लोगल्लीच्या गायनवर्गांत आता विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी पोचली आहे. ती सोयीची आहे, प्रवासात भोपळा फुटण्याची भीती नाही. पण तिच्यात दोरा सरकवून नाद उमलविण्याची सोय नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेतील कारागीर आजही घोडीवर कानस फिरवितात, तार छेडतात आणि भोपळ्याजवळ कान नेऊन खर्जात गंधार बोलतो का, ते ऐकतात.